एफ चार

फेब्रुवारीत धक्क्यावरच्या बर्फात घसरले
आणि उजवं मनगट गेलं.
प्लास्टर कोपरापर्यंत.
डाव्या हाताने माउस धरला तर बाण
प्यालेल्या खलाशासारखा झोकांड्या खात
कॉडवर जायचा तो हॅलिबटवर पडायचा.
एका सकाळी मी सातशे किलो हॅलिबट नोंदवला
जो कुणी पकडलाच नव्हता.

शिवगामी हसली नाही.
तिचे वडील जाफन्याहून या गावात मासे कापायला आले
तेव्हा ती जन्मायची होती.
आता माझ्या शेजारच्या टेबलाशी कानटोपी घालून
माउसला हात न लावता
बोट्सफ्योरचा निम्मा मासा तीच मोजते.
म्हणाली, आर्नहिल्ड, यादी उघडायला टिचकी कशाला?
रकान्यात ये आणि एफ चार दाब.
आल्ट धरून खालचा बाणही चालतो,
पण त्याला दोन हात लागतात, तुझा एकच आहे.
आणि हो, आल्ट आणि एफ चार एकत्र नको.
मग यादी उघडत नाही,
सगळंच मिटतं.

साठीला आले आणि बोटांनी पुन्हा धुळाक्षरं गिरवली.
टॅब. एफ चार. अक्षर. एंटर.
टॅब. एफ चार.
कशाने पकडला: गळ.
डोकं काढलेलं: हो.
दुपारपर्यंत हाताला चाल सापडली,
सुयांवर मोजे विणताना सापडते तशी,
न बघता.

अडले ते नावेच्या रकान्यात.
माउस होता तोवर चाकाला एक झटका
आणि पन्नास नावा भर्रकन मागे,
एकीचंही नाव वाचावं लागायचं नाही.
कीबोर्ड तसं सोडत नाही.
ह दाबला की यादी ह वर थांबते,
आणि ह मध्ये पहिली हाव्सुला.
तिच्याखाली हेल्गा मारिए, जी रोज येते.

हाव्सुला अकरा वर्षं आलेली नाही.
तिच्यावर तिघं होते.
एक माझा.

गावात माझ्यासमोर तिचं नाव कुणी काढत नाही.
यादीतूनही कुणी काढलेलं नाही.
ट्रोम्सोहून आयविन दरवर्षी फोन करतो,
मऊ आवाजाचा पोरगा:
बंद नावा गाळून टाकू का? यादी सुटसुटीत होईल.
मी म्हणते, बघू, हंगाम संपू दे.
इथे हंगाम कुठे संपतो?
कॉड सरला की खेकडा.

मी ह दाबून थांबते हे शिवगामीने पाहिलं.
दोन अक्षरं दाब, ती म्हणाली,
थेट हेल्गा मारिएवर जाशील.
तिला माहीत नसावं. किंवा असावं.
मी मान हलवली
आणि एकच दाबलं.
मग बाण, एक पायरी खाली.
दिवसातून चारदा, पाचदा,
बंद दारावरून जाताना कडीला हात लावावा तसं.

एकदा सगळे गेल्यावर नवी नोंद उघडली.
नाव: हाव्सुला. एंटर.
कप्तानाचा रकाना आपोआप भरला.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.
मासा: कॉड.
वजन:
कर्सर उघडझाप करत विचारत राहिला, किती, किती.
मी शून्य लिहिलं.
एस्केप एकदा दाबलं की रकाना पुसला जातो,
दोनदा दाबलं की अख्खी नोंद.
एकदा दाबलं. शून्य गेलं.
मग बराच वेळ बसले, बोट तिथेच ठेवून,
हीटर टिकटिकत होता,
बाहेर कुणीतरी पेट्या धुवत होतं.
मग दुसऱ्यांदा.

एप्रिलमध्ये प्लास्टर निघालं.
आतला हात पांढरा, बारीक,
दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.
माउस आता वजनाच्या पावत्यांवर असतो,
दार उघडलं की त्या उडतात म्हणून.
हॅडॉक, अकराशे चाळीस किलो, शिवगामी खिडकीतून ओरडते,
हेल्गा मारिए!
मी रकान्यात येते.
एफ चार.
ह.